वेब डेव्हलपरला हेक्स रंगकोड वाचता यायलाच हवा का?

सीताबर्डी_फ्रंटएंड
नागपुरातली बरीच नवीन मुलं म्हणतात, रंग पिकरमधून उचलायचा, कोड कशाला समजून घ्यायचा? मला हे अजिबात पटत नाही. हेक्स म्हणजे सोळाच्या पद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ) लिहिलेला रंगाचा कोड. त्यात तीन जोड्या असतात: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक जोडी ०० ते एफएफ, म्हणजे ० ते २५५. #एफएफ६६०० दिसलं की लाल पूर्ण, हिरवा १०२, निळा शून्य, म्हणजे संत्र्याचा रंग, हे लगेच कळायला हवं. शिकायला दहा मिनिटं पुरतात.

मिहान_यूआय
वाचून पुढे काय करायचं, भाऊ? हाच रंग गडद करायचा तर हेक्समध्ये लाल आणि हिरवा एकाच प्रमाणात उतरवत बसा. एचएसएलमध्ये, म्हणजे रंगछटा, गडदपणा नव्हे तर छटेची तीव्रता, आणि उजळपणा अशा तीन आकड्यांत, तो २४, १००%, ५०% असा लिहितात. शेवटच्या ५० चे ४२ केले की काम झालं. आणि कोड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका नावाखाली, एकदाच लिहायचा. बाकी फाइलींत हेक्स दिसलाच नाही पाहिजे.

सीताबर्डी_फ्रंटएंड
आणि व्हेरिएबलमधलाच कोड चुकीचा असला तर? सीएसएसमध्ये (वेब पानाचं रूप ठरवणारी भाषा) आठ अंकी कोडात पारदर्शकतेची जोडी शेवटी येते, ०० म्हणजे पूर्ण पारदर्शक, एफएफ म्हणजे अजिबात नाही: #एफएफ६६००८०, म्हणजे साधारण ५०% पारदर्शक संत्रा. हाच कोड अँड्रॉइड ॲपच्या एक्सएमएल फाइलमध्ये (रंग तिथे लिहितात) चिकटवला तर तिथे पारदर्शकता आधी वाचली जाते. एफएफ गेलं पारदर्शकतेत, रंग उरला ६६००८०. बटण चक्क जांभळं, तेही पूर्ण अपारदर्शक! एरर कुठेच येत नाही. जोड्या वाचता येत नसतील तर ही चूक कशी शोधणार?

धरमपेठ_ॲक्सेसिबिलिटी
दोघंही मुख्य गोष्ट सोडताय. #एफएफ६६०० वर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण, जेमतेम २.९ येतो, साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीच्या (सगळ्यांना वापरता येईल अशा वेबसाठीचे निकष) एए पातळीवर ४.५ लागतो. मिहान, तुमचा ४२% वाला गडद रंगही ४ च्या आसपासच अडकतो. #सी०४डी०० पर्यंत उतरलात तर ४.८ च्या वर जातो. नाहीतर मूळ संत्र्यावर काळी अक्षरं घ्या, सरळ ७ मिळतात. पांढऱ्यावर #७६७६७६ पास आणि #७७७७७७ नापास, हे कोड वाचून कोणालाच सांगता येणार नाही. ते मोजावंच लागतं.

मिहान_यूआय
४२ चं मान्य, बदलतो. पण ताई, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे, मोजायला टूलच लागलं ना! क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (पानाचा कोड तपासायची साधनं) अक्षरांच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की कॉन्ट्रास्ट दिसतो, शिफ्ट दाबून क्लिक केलं की हेक्सचा एचएसएल करता येतो.

सीताबर्डी_फ्रंटएंड
त्या टूलला अँड्रॉइडची एक्सएमएल फाइल दिसत नाही. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, समोर येतात ते नुसते आठ अंक.