लंडन, दोन पोरं आणि बाबागाडी
३ आणि ६ वर्षांच्या मुलांना घेऊन चार दिवसांत अख्खं लंडन होईल का, असं विचारलंय. नाही होणार, आणि तो अट्टहास करूही नका. दिवसाला एकच मोठं ठिकाण. नॅचरल हिस्टरी म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे पोरं तासाभरात कंटाळली तरी पैसे गेल्याची हळहळ नाही. ११ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबत ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आणि बस फुकट. पण बऱ्याच ट्यूब स्टेशनांवर लिफ्ट नाही, बाबागाडी उचलून जिने चढताना कंबरडं मोडतं. शक्य तिथे बस घ्या. डीएलआरला (डॉकलंड्स लाइट रेल्वे, लंडनमधली छोटी लोकल) मात्र बसाच! पुढे ड्रायव्हरची केबिनच नसते. आमचा धाकटा काचेला नाक लावून ग्रिनिचपर्यंत 'गाडी चालवत' गेला. परतताना तीच सीट हवी म्हणून आम्ही दोन गाड्या सोडल्या.