उभी शिळा, स्तंभ की वीरगळ?

भटकभवानी: तुर्कस्तानात शानलिउर्फाजवळचं ग्योबेक्ली टेपे हे अश्मयुगातलं उत्खननस्थळ पाहून आले, आता लिहायला बसलेय. तिथले चुनखडीचे प्रचंड दगड इंग्रजी टी अक्षरासारखे आहेत आणि त्यांवर कोल्हे, रानडुकरं, साप कोरलेत. यांना मराठीत काय म्हणावं? फोटो पाहून घरचे 'वीरगळ' म्हणतात.

खडूस: वीरगळ नकोच. 'गळ' म्हणजे कन्नड 'कल्लु', दगड, इथवर ठीक. पण वीरगळावर खाली लढाई, वर शिवपिंडी, माथ्यावर चंद्रसूर्य. एका मेलेल्या वीराची ती आठवण. ग्योबेक्ली टेपे इसवी सनापूर्वी साधारण ९५०० ते ८००० मधलं. तिथे तेव्हा मातीची भांडीसुद्धा नव्हती! सरळ 'स्तंभ' लिहा.

विदर्भकन्या: घरच्यांना हसू नका हं. १९६३ च्या पाहणीत वर डोकावणारे दगड थडग्यांचेच समजले गेले होते. जर्मन पुरातत्त्वज्ञ क्लाउस श्मिट यांनी १९९५ मध्ये खणायला घेतलं तेव्हा कुठे उलगडा झाला. 'स्तंभ' मला पटत नाही. स्तंभ म्हटलं की एक तर अशोक आठवतो, नाही तर छत पेलणारा खांब. या दगडांवर छप्पर होतं की नाही याचा वाद अजून चालूच आहे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, तिथे 'शिळा' रुळलाय. 'उभ्या शिळा' म्हणा.

भटकभवानी: शिळा चालेल. पण १८ क्रमांकाच्या दगडाचं काय? दोन्ही बाजूंना कोपरात वाकलेले हात, पोटाशी आलेली बोटं, कमरेला पट्टा, त्यावरून लोंबणारं कोल्ह्याचं कातडं. आडवा भाग म्हणजे डोकं, फक्त नाक-डोळे नाहीत. साडेपाच मीटर उंच! सगळे ४३ क्रमांकावरचे गिधाड-विंचू शोधत होते, मी मात्र याच्यासमोरून हलेना. लिहिताना सारखं 'तो'च येतंय.

खडूस: मग एकदा 'मानवाकृती शिळा' लिहा, पुढे खुशाल 'तो'. आणि 'कोरलेली' म्हटलं तर चूक नाही, पण 'उठावातली' जास्त नेमकं. भोवतालचा दगड काढून टाकून प्राणी वर आणलाय, तोही चकमकीच्या दगडाच्या हत्यारांनी.

विदर्भकन्या: 'टेपे'ला टेकडी म्हणू नका मात्र. माणसांच्या वावराने साचत गेलेला उंचवटा तो, आपल्याकडच्या पांढरीच्या टेकाडासारखा. पूर्ण नावाचा अर्थ 'ढेरपोटं टेकाड'.

भटकभवानी: घेतलं!