थोरिन सुधारला म्हणून लढाई जिंकली? काहीही!

खाडीकाठ_रत्नागिरी
काल इथे कुणीतरी टॉल्किनच्या 'द हॉबिट' कादंबरीतल्या पाच सैन्यांच्या लढाईवर लिहिलं: ड्रॅगनच्या डोंगरातला खजिना मिळवायला ड्वार्फांसोबत (बुटक्या खाणकऱ्यांसोबत) गेलेल्या बिल्बोनं मित्रांशी गद्दारी केली, ड्वार्फांचा म्होरक्या थोरिनला मात्र ऐन वेळी उपरती झाली आणि एकीनं विजय मिळाला. पुस्तक वाचलंत की नुसते सिनेमे पाहिलेत? थोरिनचा नातलग डेन, त्याच्या पाचशेहून जास्त ड्वार्फांनी खजिन्यात वाटा मागणाऱ्या एल्फ आणि माणसांवर चाल केलीच होती. सगळ्यांचे शत्रू गॉब्लिन आलेत हे सांगत जादूगार गॅन्डाल्फ मध्ये पडला, तेव्हा कुठे तिघे एका बाजूला आले. ती एकी नव्हे, भीती. खरा नैतिक निर्णय एकच: बिल्बोनं सोबती बॉम्बरचा पहारा स्वतःकडे घ्यायचा, दोरानं खाली उतरायचं, खजिन्यातला सर्वांत मौल्यवान दगड आर्केनस्टोन माणसांचा नेता बार्डच्या हाती द्यायचा, आणि एल्फराजा 'इथेच थांब' म्हणत असताना रात्रीच डोंगरात परतायचं. लोभी माणूस परत जात नाही.

देवगडचो_झिलगो
दगड दिल्यान, पण होतो कोणाचो? थोरिनच्या घराण्याचा वारसा! दुसऱ्याच्या तिजोरीतला हिरा वाटून कुणी संत होत नाही.

खाडीकाठ_रत्नागिरी
ड्वार्फांशी झालेल्या करारात बिल्बोचा खजिन्यात चौदावा हिस्सा होता, आणि तो स्वतः निवडायची मुभाही दिलेली होती. 'तो दगड माझाच' असं थोरिननं जाहीर केलं ते बिल्बोनं दगड उचलल्यानंतर.

बावीस_नावांचा_सातबारा
थांबा. वाटपाआधी सहहिस्सेदाराला ठराविक वस्तू उचलता येते का? आमच्या कोकणात याच प्रश्नावर घरं पडली. अविभक्त हिस्सा विकता येतो, पण 'विहिरीकडची दहा कलमं माझी' असं म्हणता येत नाही. विकत घेणाऱ्यालाही पुढे वाटपच मागावं लागतं. महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करतात, पण एकानं जरी मालकीचा वाद काढला की चला दिवाणी कोर्टात. मग बोरिवलीचे काका सही देत नाहीत, आणि इकडे वाळवी वासे खाते. थोरिन आमच्या प्रत्येक वाडीत आहे!

देवगडचो_झिलगो
बघा, तुम्हीच सांगितलंत. वाटप नाही, मोजणी नाही, आणि म्हणे हिस्सा. ह्येका चोरीच म्हणतत.

बावीस_नावांचा_सातबारा
अहो, पण निवडीची मुभा म्हणजे आधीच दिलेली संमती. सगळ्यांची संमती असेल तर वाटपाला अडतंय काय? अडतं ते नंतर फिरल्यावर. चाकरमान्यांचं तेच: फोनवर हो, तहसीलदारांपुढे गैरहजर.

मालवणी_मसाला
सातबारा ठेवा बाजूला, लढाईकडे या. थोरिनच्या धाडसाचं कौतुक करणाऱ्यांनी रचना बघावी. डोंगराच्या दोन सोंडा, दक्षिणेकडे एल्फ, पूर्वेकडे माणसं आणि ड्वार्फ, मधल्या दरीत गॉब्लिनांना ओढायचं. डाव चांगला होता. बिघडला, कारण गॉब्लिन पलीकडून डोंगर चढून वरून कोसळले. तेवढ्यात थोरिन दरवाजातून बाहेर पडून हाक मारतो, आणि डेनचे लोक रांगा मोडून खाली धावतात. पुढे काय? सैनिक कमी, दोन्ही बगला उघड्या, शेवटी वेढ्यात अडकून गोल करावा लागला. थोरिनचे भाचे फीली आणि कीली तिथेच गेले. गरुडांनी उतारावरचे गॉब्लिन खाली लोटले नसते आणि अस्वलाचं रूप घेणाऱ्या बेऑर्ननं गॉब्लिनांचा नायक बोल्गला मारलं नसतं तर तुमची एकी वेढ्यातच संपली असती.

देवगडचो_झिलगो
मसालेवाले, रांगा तोवर खचतच होत्या ना? त्या हाकेला एल्फ आणि माणसंही धावली, हे सोयीनं गाळलंत. ज्यांना तांब्याचं नाणं द्यायला तयार नव्हता, त्यांनाच त्यानं नावानं बोलावलं. हा नैतिक निर्णय नाही तर काय?

मालवणी_मसाला
बरं, धावली. मान्य. उशीर झाला तरी हाक चांगली होती, खूश?

खाडीकाठ_रत्नागिरी
आणि लढाईनंतर बार्डला मिळाला किती? चौदावा भाग. आधी बाराव्याची मागणी होती, पण देवाणघेवाण ठरली ती बिल्बोच्या दगडावरच. लढाईत मेलेल्या थोरिनचा शब्द डेननं पाळला. बार्डनं त्यातलं सोनं तळ्याकाठच्या गावासाठी पाठवलं, तर तिथला प्रमुख बहुतेक घेऊन पळाला आणि उजाड प्रदेशात उपाशी मेला. बिल्बोनं नेल्या दोन लहान पेट्या, एक सोन्याची, एक चांदीची.

देवगडचो_झिलगो
ठीक आहे बाबा, तुमचा बिल्बो चोर नाही, सहधारक. पण दगड खिशात असताना थोरिनला दिवसेंदिवस शोधायला लावलं, त्याचं काय?

बावीस_नावांचा_सातबारा
त्याचं उत्तर नाही माझ्याकडे. पण चौदा वाटेकऱ्यांत ज्याच्या हातात कागद असतो तो लगेच दाखवतो, असं तुमच्या देवगडात कधी घडलंय का?