पाचवीच्या मुलांकडून उतारा आणि व्याकरण यांची उजळणी कशी करून घ्यावी?

पाचवीच्या_बाई

नमस्कार. अकोला जिल्ह्यातील एका मराठी शाळेत मी पाचवीचा वर्ग घेते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 आणि गणिताचे 50 प्रश्न असतात आणि ते सगळे 90 मिनिटांत सोडवायचे असतात. त्यामुळे उजळणीचा बहुतेक वेळ गणितातच जातो आणि मराठी 'आपलीच भाषा आहे, येईलच' म्हणून मागे पडते. माझ्या वर्गातील बहुतेक मुले उतारा न अडखळता वाचतात आणि 'कोण', 'कुठे', 'कधी' या प्रश्नांची उत्तरे बिनचूक देतात. परंतु 'असे का घडले असावे' किंवा 'उताऱ्याला योग्य शीर्षक निवडा' असे विचारले की पहिल्या नाहीतर शेवटच्या वाक्यातला शब्द दिसेल तो पर्याय रंगवून मोकळी होतात. व्याकरणाचीही तीच तऱ्हा आहे. शब्दांच्या आठही जाती ओळीने म्हणून दाखवतील, पण वाक्यातला अधोरेखित शब्द कोणत्या जातीचा, हे विचारले की अंदाजाने ठोकून देतात. रोजची एकच तासिका हाताशी असताना ही दोन्ही कामे कशी बसवावीत? सरावपत्रिकांचे गठ्ठे सोडवून घेणे मला पटत नाही, पण दुसरे काही सुचतही नाही.

निवृत्त_भाषाशिक्षक

बाई, सरावपत्रिकेने मुलाला काय येत नाही ते कळते, पण ते येऊ लागत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: उत्तर बरोबर असो वा चूक, 'हे कोणत्या ओळीवरून म्हणतोस?' असे प्रत्येक वेळी विचारावे आणि मुलाने त्या ओळीवर बोट ठेवावे. वर्गासाठी रचलेला हा छोटा उतारा पाहा (कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटे, गुरांचा चारा).

'पाऊस लांबला, तसा कडब्याचा भाव वाढला. सखूआजीने बैल विकला नाही. दारासमोरची जुनी बाभूळ मात्र तिने व्यापाऱ्याला देऊन टाकली. बाभूळ पडली त्या दिवशी आजी ओसरीवर आलीच नाही.'

आजीने व्यापाऱ्याला काय दिले, हे तिसऱ्या वाक्यात उघडपणे लिहिले आहे. बाभूळ का दिली, हे मात्र एकाही वाक्यात लिहिलेले नाही. महागलेला कडबा आणि न विकलेला बैल यांची सांगड घातली तरच ते उमगते, म्हणजे मुलाला दोन ठिकाणी बोट ठेवावे लागते. 'आजी गरीब होती' असे एखादे मूल हमखास म्हणेल. त्याला लगेच चूक ठरवू नये. ओळ दाखवायला सांगावे, मग इतर मुलेच हुज्जत घालतात आणि ती हुज्जत हीच खरी उजळणी असते. शीर्षकासाठी 'दुष्काळ', 'सखूआजी' आणि 'बैलासाठी बाभूळ' असे तीन पर्याय देऊन कोणते शीर्षक किती वाक्यांना पुरते ते मोजायला लावावे. 'दुष्काळ' हे शीर्षक शेवटच्या वाक्यापर्यंत पोहोचत नाही, हे पाचवीतल्या मुलाला नक्की दिसते.

याच उताऱ्यावर व्याकरणही घेता येते, त्यासाठी वेगळी तासिका लागत नाही.

शुद्धलेखन_प्रेमी

सरांच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी अर्धाच. प्रत्येक उताऱ्याची व्याकरणासाठी चिरफाड होऊ लागली, तर मुले गोष्ट वाचायची सोडून नामे आणि विशेषणेच शोधत बसतात. उताऱ्यातून एकच शब्द उचलावा आणि तो दोन वाक्यांत शेजारी शेजारी ठेवावा. 'पतंग वर गेला' आणि 'पतंग झाडावर अडकला' ही वाक्ये फळ्यावर लिहिली, की पहिल्यातला 'वर' क्रियापदाबद्दल सांगतो म्हणून क्रियाविशेषण आणि दुसऱ्यातला 'वर' नामाला चिकटला म्हणून शब्दयोगी अव्यय, हे मुले स्वतःच सांगतात. 'तो आला' मध्ये सर्वनाम आणि 'तो मुलगा आला' मध्ये विशेषण, हेही तसेच. शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते, एवढे एकदा डोक्यात बसले की व्याख्यांचे ओझे बरेच हलके होते.

शुद्धलेखनाचेही असेच करावे. बहीण–बहिणीला, जमीन–जमिनीवर, फूल–फुलांचा अशा जोड्या मुलांकडूनच गोळा करून घ्याव्यात आणि शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ई किंवा ऊ सामान्यरूपात (प्रत्यय लागताना शब्दाचे जे रूप होते त्यात) बहुधा ऱ्हस्व होतो, हा नियम त्यांनाच शोधू द्यावा. समानार्थी शब्दांच्या लांबलचक याद्यांवर, माझ्या मते, गरजेपेक्षा फार जास्त वेळ जातो.

वऱ्हाडातला_मास्तर

बाई, आपला वर्ग अकोल्याकडचा आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपली मुले घरी 'बैलाले चारा टाकला' असे बोलतात आणि शुद्ध वाक्य ओळखण्याच्या प्रश्नात गडबडतात, तेव्हा 'अशुद्ध बोलू नका' म्हणून त्यांना गप्प करणारे बरेच भेटतात. त्याऐवजी 'बैलाले' आणि 'बैलाला' हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. 'बैला' हे सामान्यरूप दोन्हीकडे सारखेच आहे, फरक फक्त प्रत्ययाचा आहे, म्हणजे विभक्ती मुलाला आधीपासूनच येते आणि परीक्षेत 'ला' लिहायचा एवढेच त्याला नवे शिकायचे असते. घरच्या बोलीची लाज वाटू लागलेले मूल वर्गात तोंडच उघडत नाही, आणि जे बोलत नाही त्याला उतारा समजला की नाही, हे आपल्याला तरी कसे कळणार?

पाचवीच्या_बाई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोट ठेवण्याची रीत आणि जोडीची वाक्ये उद्यापासूनच सुरू करते. एक शंका उरते. वर्गातली काही मुले अजून अक्षरे जुळवत वाचतात आणि वाक्याच्या शेवटी येईपर्यंत त्यांची सुरुवात विसरलेली असते. त्यांना आधी नुसते वाचनच द्यावे का?

निवृत्त_भाषाशिक्षक

नाही. त्यांचे वाचन सुधारण्याचे काम वेगळे चालू ठेवावे, पण आकलन त्यासाठी थांबवून ठेवू नये. उतारा आपण मोठ्याने दोनदा वाचून दाखवावा, तेच प्रश्न तोंडी विचारावेत आणि ओळ शोधायला शेजारच्या मुलाची मदत घेऊ द्यावी. 'बाभूळ का दिली' याचे उत्तर अशीच मुले पुष्कळदा आधी देतात, कारण कडबा महागला की घरात काय होते ते त्यांनी पाहिलेले असते. परीक्षेच्या दृष्टीने एक सवय मात्र सगळ्यांनाच लावावी: आधी प्रश्न वाचायचे आणि मग उतारा, कारण एका प्रश्नाला सरासरी सव्वा मिनिटही मिळत नाही. 'अयोग्य पर्याय निवडा' अशा प्रश्नातील 'अयोग्य' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायलाही सांगावे. उत्तर येत असूनही तिथे गुण गमावणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.