चुनखडीतलं पाणी 'मुरतं' का?

अनुवादिका: स्लोव्हेनियातल्या क्रास पठारावरचा एक लेख मराठीत आणतेय. तिथली रेका नदी श्कोत्स्यानच्या गुहांत शिरते आणि ३० किलोमीटरहून लांब, इटलीत तिमाव्होच्या झऱ्यांतून वर येते. मी लिहिलं, 'पाणी चुनखडीत मुरतं'. संपादकांनी 'झिरपतं' केलं. मला दोन्ही खटकतात. लोणचं मुरतं, सावकाश. इथे अख्खी नदी गडप होते! शिवाय पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या खडकाच्या थराला मी 'जलधर' लिहिलं, तर ते वाचून एकाला ढग आठवला.

शब्दवेल्हाळ: आठवणारच. संस्कृतात जलधर म्हणजे मेघ. भूजलवाल्यांनी त्याला जमिनीत गाडला. 'भूजलधारक' लिहा.

वणीकर: जलधर पाणलोटाच्या बैठकांत रुळलाय, आता उखडू नका. मुरण्याबद्दल मात्र ताई बरोबर आहेत. वणीजवळ आमच्या शेताखाली चुनखडी आहे. वडिलांच्या विहिरीला पाणी लागलं ते बोटभर रुंद भेगेतून, भसाभस. भेगेची कड ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. पंधरा पावलांवर काकांनी खणलं, ती कोरडी. पाणी दगडात नव्हतंच, भेगेत होतं.

भूगोलवाला: भेगांतही फरक असतो. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत भेगा रुंदावतं. त्यांच्या नळ्या झाल्या की पाणी दिवसाला किलोमीटरभरही पळतं. बारीक भेगा मात्र ते महिनोन्महिने धरून ठेवतात, त्यावर उन्हाळ्यात झरे चालतात. तिथे 'मुरतं' चालेल.

अनुवादिका: पटलं. पण 'मुरलेलं पाणी' म्हटलं की वाचक गाळलेलं, स्वच्छ समजतो. नळ्यांत गाळणी नसते. वर गोठ्यातली घाण पडली तर ती खाली झऱ्यात जशीच्या तशी येते. ते पाणी लोक पितात, म्हणून मी या क्रियापदावर अडून बसलेय.

शब्दवेल्हाळ: 'मुरूम' मुरण्यातूनच आला असणार, बघा.

वणीकर: कशावरून? मुरमात पाणी मुरतं म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

शब्दवेल्हाळ: कान सांगतो.

वणीकर: कानाला तर 'मुरली'सुद्धा जवळची वाटेल!

अनुवादिका: नदी जिथून खाली जाते त्या तोंडाला तिकडे 'पोनोर' म्हणतात. त्याला काय लिहू?

शब्दवेल्हाळ: जलविवर.

भूगोलवाला: विवर नको. ते वाचलं की आपल्याकडे लोणार डोळ्यांपुढे येतं, आणि तो खड्डा उल्का आदळून झालेला आहे, विरघळून नाही.

वणीकर: 'पोनोर'च ठेवा.

शब्दवेल्हाळ: मग भाषांतर कशाला करायचं?