मिसमॅचला सरळ ‘विजोड’ का म्हणू नये?

शब्दवेडी: काल भाचीच्या एका कानात मोती, दुसऱ्यात झुमका. मी म्हटलं, “अगं, विजोड घातलेस.” ती म्हणाली, “मावशी, मिसमॅच आहेत ते.” विजोड हा शब्द तिने ऐकलेलाच नव्हता! फार वाईट वाटलं. इंग्रजी ‘मॅच’चा जुना अर्थ जोडीदार, सोबती. ‘विजोड’मध्येही जोडच आहे. इतका नेमका शब्द घरात असताना उसना का आणायचा? शिवाय आपल्याकडे अजोड, बेजोड म्हणजे ज्याला तोड नाही असा आणि विजोड म्हणजे जोडी चुकलेला. इंग्रजीत ‘अनमॅच्ड’ हा एकच शब्द अतुलनीय खेळाडूलाही लागतो आणि जोडी हरवलेल्या मोज्यालाही.

ठाणेकर: अजिबात पटलं नाही. विजोडमध्ये नापसंती मुरलेली आहे. साठीचा नवरा आणि बारा वर्षांची मुलगी, असल्या जरठ-कुमारी विवाहांना विजोड म्हणत. भाचीने हौसेने, निवडून घातलेल्या कानातल्यांना तुम्ही तोच शब्द लावलात, म्हणजे ‘चुकलीस’ असंच म्हणालात. तिला ते सांगायचंच नव्हतं, म्हणून तिने वेगळा शब्द घेतला.

शब्दवेडी: फॅशनपुरतं मान्य. पण मग जिथे खरंच चुकलेलं असतं तिथेही मिसमॅचच ऐकू येतं. सही मिसमॅच, नाव मिसमॅच. त्याचं काय?

काउंटरपलीकडून: बावीस वर्षं बँकेत आहे, म्हणून बोलते. ‘विजोड सही’ कुणाला कळणार नाही, पण तिथे मिसमॅचचीही गरज नाही. “काका, सही जुळत नाही,” एवढं म्हटलं की काका दुसरी सही करतात. आकड्यांमध्ये तफावत असते, जबाबात विसंगती. आणि रंगांचं म्हणाल तर आई अजून म्हणते, “या साडीवर तो ब्लाउज जात नाही.” प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द आहे, आणि बरेचदा ते क्रियापद असतं. आपण एकच विशेषण शोधत बसतो, तिथेच चुकतो.

ठाणेकर: हे पटलं. तरी एक विचारतो. अस्तर आणि ब्लाउजपीस घ्यायला सगळे ‘मॅचिंग सेंटर’मध्येच जातात. मॅचिंग घरचं झालं, मग मिसमॅचच परकं का?

शब्दवेडी: कारण मॅचिंग आलं तरी ‘जुळणं’ गेलं नाही. मिसमॅच आल्यावर भाचीच्या तोंडून विजोड गेलाच. ‘साडीवर जात नाही’ मात्र मीही विसरले होते, ताई. आज आईला फोन करून असे आणखी शब्द विचारते.