स्कॅनरची नवी स्क्रीन आलीय, ११ हजारांचे ३४० कसे झाले?

वाळूज_आयटी
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आयटी बघतो, दोघंच आहोत आम्ही अन् मशीन साडेतीनशे. आमच्या व्हल्नरेबिलिटी मॅनेजमेंट प्लॅटफॉर्मला (मशीन स्कॅन करून सुरक्षेच्या त्रुटी दाखवणारं सॉफ्टवेअर) मागच्या आठवड्यात अपडेट आलं अन् सगळी स्क्रीनच बदलली. आधी लॉगिन केलं की ११ हजार फाइंडिंग्जची, म्हणजे सापडलेल्या त्रुटींची, यादी यायची, पान उघडायलाच मिनिटभर, मग ती एक्सेलमध्ये काढून पिव्होट मारत बसायचो, अर्धा सोमवार त्यातच जायचा. आता उघडलं तर फक्त ३४० ओळी. बघायला लै सोपं वाटायलंय, पण मनात धाकधूक आहे की बाकीचे गेले कुठं? महिन्याचा रिपोर्ट साहेबांना द्यायचाय, आकडा असा एकदम पडल्यावर काय सांगू त्यांना?

चिकलठाणा_पॅचवाला
कुठं गेले नाहीत भाऊ. नवी स्क्रीन उपायाप्रमाणं गट करते. समजा ब्राउझरच्या जुन्या व्हर्जनमुळं एका मशीनवर ६० सीव्हीई (नंबर दिलेल्या जाहीर त्रुटी) अन् अशा ४० मशीन, तर आधी २४०० ओळी दिसायच्या, आता एकच ओळ दिसते, ब्राउझर अपडेट करा, ४० मशीन. बाणावर क्लिक करा, खाली मशीनची नावं अन् सीव्हीई सगळे निघतात. मला तर हे फार आधी यायला पाहिजे होतं असं वाटतं, कारण पॅच टाकणाऱ्या पोराला सीव्हीईचा नंबर देऊन काय उपयोग, कुठल्या मशीनवर काय टाकायचं एवढं त्याला पाहिजे. साहेबांना दोन्ही आकडे द्या अन् सरळ सांगा, मागचा नोंदींचा होता, हा कामांचा आहे.
दुसरं म्हणजे नुसत्या सीव्हीएसएस स्कोअरवर (त्रुटी किती गंभीर, १० पैकी) सॉर्ट करू नका. ९.८ वाले इतके निघतात की सुरुवात कुठून करावी कळतच नाही. फिल्टरमध्ये केईव्ही असेल तर आधी ते लावा, अमेरिकेची सरकारी सायबर सुरक्षा संस्था सिसा ही यादी नोव्हेंबर २०२१ पासून चालवते, ज्या त्रुटींचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर झालाय त्याच तिच्यात असतात. त्याच्यानंतर ईपीएसएस, म्हणजे पुढच्या ३० दिवसांत ती त्रुटी कुणी वापरायची शक्यता किती, ० ते १ मध्ये. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं आठवा, मे २०१७ ला जग बंद पडलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला होता.

लातूरची_नेटवर्कवाली
दादांचं बरोबर आहे, पण वाळूजवाले भाऊ, एक गोष्ट तपासल्याशिवाय रिपोर्ट पाठवू नका. वरच्या पट्टीत आधीपासून लागून आलेले फिल्टर बघा. आमच्याकडं अपडेटनंतर "मागच्या ३० दिवसांत दिसलेली मशीन" असा फिल्टर आपोआप लागला होता. फिल्डवरच्या पोरांचे लॅपटॉप दीड-दोन महिने ऑफिसला येतच नाहीत, अन् ते सगळे यादीतून गायब, नेमके तेच सगळ्यात जुने.
अन् लॉगिन करून झालेला स्कॅन किती मशीनवर यशस्वी झाला ते पण बघा. मागं आमच्या एका सर्व्हरचा पासवर्ड बदलला, स्कॅनरला कुणी सांगितलं नाही, त्याच्या नोंदी २०० वरून १२ वर आल्या अन् दोन दिवस मी खुशीत होते. स्कॅनर नुसता बाहेरून बघून परत यायला होता. आता नव्या स्क्रीनवर मशीनच्या नावाशेजारी छोटं पिवळं कुलूप येतं, लॉगिन झालं नाही म्हणून. मला विचाराल तर अख्ख्या अपडेटमधली सगळ्यात कामाची गोष्ट ते कुलूपच आहे.

जालना_रोलिंगमिल
आमच्यासाठी अपवादाचा फॉर्म सुधारला हे लै मोठं काम झालं. मिलवरच्या एका कंट्रोल पीसीवर अजून विंडोज ७ आहे, त्याच्यावरचं सॉफ्टवेअर नव्यावर चालतच नाही. आधी "जोखीम मान्य" म्हणून एकदा टिक केलं की कायमचं झाकलं जायचं. आता कारण, जबाबदार माणूस अन् शेवटची तारीख भरल्याशिवाय सेव्हच होत नाही, तारीख उलटली की नोंद परत वर येते. आम्ही तो पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा कप्पा) टाकलाय, ते कारणात लिहिलं.
स्कॅनचं वेळापत्रक ओढून सरकवता येतं आता, ते चांगलंय, पण पीएलसीचा (लाइनवरची यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आयपी स्कॅनच्या रेंजमध्ये येणार नाही हे पहा बरं, जुना पीएलसी नुसत्या पोर्ट स्कॅननं पण अडकतो, चालू शिफ्टमध्ये लाइन थांबली तर मग अवघड होतं.

वाळूज_आयटी
ताई, तुम्ही सांगितलं तोच फिल्टर निघाला. तो काढल्यावर ३४० चे ४१२ झाले, अन् २३ मशीन नव्यानं दिसल्या, त्यातले नऊ लॅपटॉप सेल्सच्या पोरांचे. एकावर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. केईव्ही लावल्यावर १७ ओळी राहिल्या. कुलूप पण सहा ठिकाणी पिवळं आहे, ते उद्या बघतो. नऊ जणांना फोन केलेत, शुक्रवारी लॅपटॉप घेऊन यायलेत.